हूवरकडे पाहून सगळ्यांचे नियम ठरवू नका

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला, की अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये एक जुना वाद ठरल्या वेळी डोके वर काढतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून तीन महिने सामने खेळून गुणतक्ता तयार झालेला असताना प्रत्येक कॉन्फरन्सने, म्हणजे विद्यापीठांच्या प्रत्येक गटाने, आणखी एक आठवडा खर्चून वेगळी अजिंक्यपद स्पर्धा घ्यायचीच कशाला? 2025 साली साउथईस्टर्न कॉन्फरन्स आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या दोन बलाढ्य गटांनी आपापली स्पर्धा सोळा संघांची आणि सरळ बाद पद्धतीची केली, तेव्हापासून या वादाला अधिकच धार चढली आहे. एक बाजू म्हणते, की टीव्हीच्या पैशासाठी कोवळ्या पिचरांचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंचे, खांदे पणाला लावणारी ही स्पर्धा बंदच करावी. दुसरी बाजू म्हणते, की निर्णायक सामन्याचे दडपण झेलतो तोच खरा विजेता, तेव्हा स्पर्धा आहे तशीच चालू द्यावी. दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर अलाबामा राज्यातले हूवर हे एकच गाव असते, कारण साउथईस्टर्न कॉन्फरन्सची स्पर्धा तिथे भरते, गर्दी तिथे होते आणि कॅमेरेही तिथेच असतात. माझे म्हणणे असे, की हूवरमध्ये काय व्हावे हा या वादातला सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. खरा प्रश्न आहे तो ज्या छोट्या गटांना राष्ट्रीय स्पर्धेत एकच जागा मिळते, त्यांचा. तिथे स्पर्धा राहिली पाहिजे, पण तीन महिन्यांच्या खेळाचा निकाल एका दुपारी पुसला जाणार नाही अशी तिची बांधणी झाली पाहिजे, आणि पिचरच्या हाताचे रक्षण प्रशिक्षकाच्या सद्बुद्धीवर न सोपवता नियमाने व्हायला पाहिजे.

वाद नीट कळण्यासाठी जागांचा हिशेब आधी पाहिला पाहिजे. राष्ट्रीय स्पर्धेत 1999 पासून 64 संघ असतात. चार-चार संघांचे सोळा विभाग, त्यांतून पुढे आलेल्या सोळांच्या आठ जोड्या आणि शेवटी आठ संघ नेब्रास्कातल्या ओमाहा शहरी, अशी ही उतरंड आहे. या 64 जागांपैकी सुमारे तीस जागा थेट प्रवेशाच्या असतात, प्रत्येक गटाला एक. ती कोणाला द्यायची हे तो गटच ठरवतो आणि आज बहुतेक सगळे गट ती स्पर्धेच्या विजेत्याला देतात. उरलेल्या जागा निवड समिती संघांची हंगामातली कामगिरी आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची ताकद पाहून वाटते. गट जेवढा बलवान, तेवढा त्याचा या दुसऱ्या वाटपातला हिस्सा मोठा. 2025 मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या सोळा संघांपैकी तेरा संघ राष्ट्रीय स्पर्धेत होते. म्हणजे हूवरला आलेल्या बहुतेक संघांचे पुढचे तिकीट तिथे पहिला चेंडू पडण्याआधीच जवळजवळ नक्की झालेले होते.

म्हणूनच हूवरच्या निकालाला काही अर्थ नसतो, हा स्पर्धाविरोधकांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो ते मांडतात त्याहूनही अधिक ठाम आहे. 2021 मध्ये मिसिसिपी स्टेटने हूवरमध्ये दोन सामने खेळले. एकात 13-1, दुसऱ्यात 12-2 अशी धूळ चाखून हा संघ घरी परतला आणि पुढच्या महिन्यात राष्ट्रीय विजेता झाला. 2022 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाचा, म्हणजे ओल मिसचा, संघ गटात 14 विजय आणि 16 पराभव घेऊन हूवरला आला, पहिल्याच सामन्यात गारद झाला, निवड समितीच्या कृपेने अगदी शेवटच्या काही जागांपैकी एका जागेवर आत शिरला आणि ओमाहाहून चषक घेऊन आला. 2025 चे उदाहरण तर दोन्ही बाजूंना सारखेच अडचणीचे आहे. हंगामाच्या गुणतक्त्यात टेक्सास पहिला आला आणि हूवरची स्पर्धा व्हँडरबिल्टने जिंकली. आठवड्याभरातच हे दोन्ही ‘विजेते’ आपापल्या मैदानावर राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. टेक्सासला सॅन अँटोनिओच्या विद्यापीठाने हरवले, आणि देशातले पहिले मानांकन मिळालेल्या व्हँडरबिल्टला विभागीय फेरीचा पहिला उंबरठाही ओलांडता आला नाही. राष्ट्रीय विजेता ठरला तो हूवरच्या उपांत्य फेरीत हरलेला लुइझियाना स्टेट.

पण यावरून ‘हंगामाचा गुणतक्ता हेच सत्य, स्पर्धा म्हणजे भेसळ’ असा निष्कर्ष काढणारे फार घाई करतात. गुणतक्ता केव्हा सत्य सांगतो? सगळे सगळ्यांशी खेळले असतील तेव्हा. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये एक संघ हंगामात गटातले तीस सामने खेळतो: दहा शनिवार-रविवार, दर वेळी एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने. संघ आहेत सोळा, म्हणजे प्रतिस्पर्धी पंधरा. त्यांपैकी पाचांशी गाठच पडत नाही. 2012 मध्ये टेक्सास ए अँड एम आणि मिझूरी आले, 2024 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा आले, आणि गट जसजसा फुगला तसतशी गुणतक्त्याची विश्वासार्हता घटत गेली. ज्याच्या वाट्याला दुबळे प्रतिस्पर्धी आले तो वर चढला आणि ज्याच्या वाट्याला तगडे आले तो घसरला, तर त्या क्रमांकाला न्याय म्हणायचे का? व्यावसायिक बेसबॉलने हा प्रवास आधीच केलेला आहे. 1968 पर्यंत तिथल्या दोन लीगपैकी प्रत्येकीत हंगामात पहिला येणारा संघ थेट वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, जात असे. 1969 मध्ये संघ वाढले, लीगचे विभाग झाले आणि मध्ये एक निर्णायक मालिका आली. परंपरावाद्यांनी त्यावर नाराजी व्यक्त केली, आणि 2001 मध्ये 116 सामने जिंकणारा सिअ‍ॅटल मरिनर्सचा संघ वर्ल्ड सीरिजपर्यंतही पोहोचला नाही, तेव्हा त्या नाराजीला आधारही मिळाला. तरीही जुन्या व्यवस्थेकडे कोणी परतले नाही, कारण संघ इतके वाढल्यावर एकाच तक्त्यात सगळ्यांना न्यायाने मोजणे शक्य राहिले नव्हते.

मग मोठ्या गटांत ही स्पर्धा कशासाठी? माझ्या मते ती तिथे उत्सव म्हणून आहे, आणि उत्सव म्हणून ती असायला काहीच हरकत नाही. हूवरचे मैदान 1988 सालचे. मायकेल जॉर्डनने 1994 मध्ये बास्केटबॉल सोडून बेसबॉलमध्ये नशीब अजमावले, तेव्हा तो बर्मिंगहॅम बॅरन्सकडून याच मैदानावर खेळला. 1998 पासून, महासाथीचे 2020 हे एक वर्ष सोडले तर, दर मे महिन्यात ही स्पर्धा इथेच भरते, आणि आठवड्याभरात लाखाच्या वर माणूस येऊन जातो. शाळांना सुट्टी लागत आलेली असते, मैदानाबाहेर फिरत्या घरांच्या गाड्या लागलेल्या असतात, आणि आपला संघ सकाळीच हरला तरी तिकीट फुकट गेले असे न वाटून लोक दुसऱ्यांचे सामने रात्रीपर्यंत पाहत बसतात. एका विद्यापीठाच्या खेळाडूला एरवी एवढ्या विविध गावांचे प्रेक्षक एका जागी कुठे मिळणार? फक्त उत्सव लांबू नये. म्हणून सरळ बाद पद्धत आणून आणि पहिल्या चार संघांना थेट उपांत्यपूर्व फेरीत नेऊन साउथईस्टर्न कॉन्फरन्सने केले ते योग्यच केले. यावर आक्षेप घेणारे 2024 च्या टेनेसीकडे बोट दाखवतात. तो संघ हूवरमध्ये पहिलाच सामना हरला, दुहेरी बाद पद्धतीमुळे, म्हणजे दोन पराभवांनंतरच बाहेर काढणाऱ्या नियमामुळे, वाचला, स्पर्धा जिंकला आणि पुढे राष्ट्रीय विजेताही झाला. नव्या नियमाने तो पहिल्याच दिवशी बाहेर पडला असता. हे खरे आहे. पण बाहेर पडून त्याचे काय बिघडले असते? राष्ट्रीय स्पर्धेतली त्याची जागा पक्कीच होती आणि त्याच्या पिचरांना आठवडाभर विश्रांती मिळाली असती. मोठ्या गटात पराभवाची किंमत इतकी कमी आहे, की तिथे पद्धत कोणतीही ठेवा, अन्याय फारसा होत नाही.

अन्याय होतो तो दुसरीकडे. साउथवेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स हा दक्षिणेतल्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांचा गट. राष्ट्रीय स्पर्धेत त्याला साधारणपणे एकच जागा मिळते, थेट प्रवेशाची. 2021 मध्ये या गटातल्या जॅक्सन स्टेटने हंगामातले गटाचे चोवीसच्या चोवीस सामने जिंकले. एकही हार नाही. मग गटाची स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्यात सदर्न विद्यापीठाने त्यांना 7-6 असे हरवले आणि तिथेच सगळे संपले. निवड समितीने त्यांना बोलावले नाही, कारण दुबळ्या गटातले चोवीस विजय समितीच्या गणितात फारसे वजन धरत नाहीत. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये अशा संघांसाठी निदान दुसऱ्या पातळीची एक राष्ट्रीय स्पर्धा आहे. बेसबॉलमध्ये तेही नाही. ज्या मुलांनी तीन महिने बसमधून रात्रीचे प्रवास करून गटातला एकही सामना गमावला नाही, त्यांचा हंगाम एका धावेने बंद झाला. हूवरमध्ये एका धावेने हरलेल्या संघाचा प्रशिक्षक आपल्या पिचरला विश्रांती मिळाली म्हणून मनातून सुखावतो. दोन्ही ठिकाणच्या पराभवाला आपण ‘कॉन्फरन्स स्पर्धेतला पराभव’ असे एकच नाव देतो आणि मग एकच नियम दोघांना लावायचा की नाही यावर भांडतो, इथेच वादाची गाडी रुळावरून घसरते.

एका सामन्याचा निकाल किती भरवशाचा असतो, हेही एकदा मोजून पाहावे. व्यावसायिक बेसबॉलमध्ये 162 पैकी 100 सामने जिंकणारा संघ उत्तम मानला जातो, म्हणजे उत्तम संघसुद्धा पाचांपैकी दोन सामने हरतो. एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता साठ टक्के धरली, तर लागोपाठ तीन सामने जिंकण्याची त्याची शक्यता जेमतेम बावीस टक्के उरते, आणि लागोपाठ पाच जिंकण्याची आठ टक्क्यांहून कमी. फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये ताकदीतला फरक एका सामन्यात जितका उघड होतो, तितका बेसबॉलमध्ये होत नाही. बॅटच्या कडेला लागलेला चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडला, की तीन धावा होतात. तीच कड अंगुळभर सरकली, की तोच चेंडू झेल ठरतो. हा या खेळाचा दोष नाही, त्याचे सौंदर्यच त्यात आहे. पण ज्या खेळात दैवाचा वाटा एवढा मोठा, त्या खेळात वर्षभराचे सगळे काही एका सामन्यावर टांगणे शहाणपणाचे कसे?

यावर सोपा उपाय सुचतो तो असा, की छोट्या गटांनी थेट प्रवेश हंगामातल्या पहिल्या संघाला देऊन टाकावा आणि स्पर्धाच रद्द करावी. मला तो पटत नाही. उत्तरेकडच्या गटांत मार्च महिना बर्फ आणि पावसात जातो, सामने रद्द होतात, काही संघ कमी सामने खेळतात, काही जास्त, आणि अर्ध्या सामन्याच्या फरकाने पहिला-दुसरा ठरतो. शिवाय एप्रिलच्या मध्याला एखादा संघ पाच-सहा सामन्यांनी पुढे गेला, की उरलेल्यांना महिनाभर खेळायला कारणच उरत नाही. ज्या विद्यापीठात स्टेडियम म्हणजे चार लाकडी बाकांच्या रांगा आणि एक धावफलक एवढेच असते, तिथे मे महिन्यातली ही स्पर्धा मुलांच्या खेळण्याला अर्थ देते. कॅलिफोर्नियातला बिग वेस्ट हा गट अनेक वर्षे स्पर्धेशिवाय चालला, हंगामातल्या पहिल्या संघाला थेट जागा देत राहिला, आणि त्याच गटाने 2025 पासून पाच संघांची स्पर्धा सुरू केली. पहिल्याच वर्षी कॅल पॉलीने ती जिंकली, आणि हंगामात पहिला आलेला अर्व्हाइन विद्यापीठाचा संघ समितीच्या वाटपातून आत गेला. पण अर्व्हाइनला ते शक्य झाले, कारण त्या गटाची पत तेवढी आहे. जॅक्सन स्टेटच्या गटाची नाही.

इतिहासात हाच पेच एकदा आलेला आहे आणि तो कसा सुटला हे पाहण्यासारखे आहे. 1974 मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि मेरीलँड यांच्यात झाला. दोन्ही संघ देशातल्या पहिल्या पाचांत मोडणारे. जादा वेळेत मेरीलँड 103-100 असा हरला आणि त्या काळच्या नियमानुसार एका गटाचा एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जात असल्यामुळे घरी बसला. जिंकलेला संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला. हा अन्याय इतका ढळढळीत होता, की पुढच्याच वर्षी स्पर्धा 32 संघांची झाली आणि एका गटातून एकापेक्षा अधिक संघ घेण्याची मुभा आली. पण हा उपाय मिळाला कोणाला? ज्यांच्या पराभवाची देशाने दखल घेतली त्यांना. जादा जागा बलवान गटांकडे गेल्या, आणि ज्या गटांना तेव्हा एक जागा होती त्यांतल्या बहुतेकांना आजही एकच आहे. मेरीलँडचे दुःख दूर झाले, जॅक्सन स्टेटच्या वाट्याचे तसेच राहिले. आणि जिथे नव्या जागा मिळण्याची आशा नाही, तिथे स्पर्धेच्या रचनेतच दुरुस्ती करावी लागते.

ती दुरुस्ती नवी शोधून काढावी लागणार नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने 1902 ते 1930 या काळात बहुतेक वर्षे अशी पद्धत वापरली, की हंगामात पहिला आलेला संघ अंतिम फेऱ्यांत हरला, तर त्याला विजेत्याला पुन्हा एकदा आव्हान देण्याचा हक्क असे. 1931 मध्ये तिची जागा पेज पद्धतीने घेतली. पहिल्या दोन संघांपैकी जो हरेल त्याला दुसरी संधी, हे त्या पद्धतीचे सूत्र, आणि आपल्या आयपीएलमध्ये 2011 पासून तेच चालते. 2013 मध्ये मुंबई इंडियन्सचा संघ पहिल्या क्वालिफायरमध्ये चेन्नईकडून हरला, दुसऱ्या संधीतून अंतिम सामन्यात आला आणि तिथे त्याच चेन्नईला हरवून पहिल्यांदा विजेता झाला. त्या विजेतेपदाला कोणी मागच्या दाराने आलेले म्हटले नाही. छोट्या गटांनी एवढेच करावे: हंगामात पहिला आलेला संघ दुसऱ्यापेक्षा निदान तीन सामन्यांनी पुढे असेल, तर स्पर्धा त्याच्या मैदानावर घ्यावी, आणि ती दुसऱ्या कोणी जिंकली तर त्या विजेत्याने दुसऱ्या दिवशी या संघाला एकदा हरवून मगच राष्ट्रीय स्पर्धेची जागा घ्यावी. आघाडी तीन सामन्यांपेक्षा कमी असेल, तर हा हक्क नाही. पावसाने रद्द झालेल्या सामन्यांमुळे मिळालेली निसटती आघाडी मग आपोआप बाजूला पडते, आणि जॅक्सन स्टेटसारखी निर्विवाद आघाडी वाया जात नाही.

विशेषाधिकार फार वाढला तर तो खेळाला मारतो, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. विम्बल्डनमध्ये 1921 पर्यंत आधीच्या वर्षीचा विजेता थेट अंतिम सामन्यापुरता मैदानात उतरत असे. डेव्हिस कपमध्ये हीच प्रथा 1971 पर्यंत सुरू होती. ती बंद पडली ते योग्यच झाले, कारण तिथे गेल्या वर्षीच्या पुण्याईवर यंदा आराम मिळत होता. माझ्या सूचनेत हक्क आहे तो याच हंगामातल्या कामगिरीचा, आणि संघ स्पर्धेत इतरांसारखाच पहिल्या सामन्यापासून खेळतो. अंतिम सामनाही त्याच्याशीच झाला, तर प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दोनदा जिंकावे लागेल, आणि वर धरलेल्या साठ टक्क्यांच्या हिशेबाने त्याची शक्यता सोळा टक्क्यांवर येईल, हे मी लपवत नाही. गटातले चोवीसच्या चोवीस सामने जिंकलेल्या संघाला बाजूला सारायचे, तर एवढी कसोटी अवाजवी आहे का?

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि मला त्याबद्दल अधिक आदर आहे. या स्पर्धांतून येणारे अनपेक्षित संघ हाच महाविद्यालयीन बेसबॉलचा प्राण आहे, त्यांची वाट का अडवायची? 2008 मध्ये फ्रेस्नो स्टेट आपल्या गटाची स्पर्धा जिंकून आत आला, विभागात त्याला चौथे म्हणजे शेवटचे मानांकन होते, आणि त्याने जॉर्जियाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. 2012 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूकने लुइझियाना स्टेटला त्यांच्याच घरी हरवून ओमाहा गाठले. ही नावे कोणाही बेसबॉलप्रेमीला तोंडपाठ असतात. पण हे संघ अनपेक्षित होते ते देशाच्या दृष्टीने. त्यांच्या गटात ते बलवानच होते, स्टोनी ब्रूक तर आपल्या गटात दादा होता. छोट्या गटाने आपला सर्वांत सक्षम संघ पुढे पाठवला, तरच अशा कथा घडतात. हंगामभर चाचपडून एका आठवड्यात सूर सापडलेला संघ पुढे गेला, तर बहुधा तो पहिल्या दोन सामन्यांत हरून परत येतो.

आता पिचरच्या हाताविषयी. ‘स्पर्धा बंद करा’ म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि तो उडवून लावणाऱ्यांबद्दल मला राग आहे. महाविद्यालयीन संघाचा हंगाम आठवड्याच्या लयीवर चालतो. शुक्रवारचा पिचर ठरलेला, शनिवारचा ठरलेला, रविवारचा ठरलेला, आणि प्रत्येकाला मध्ये सहा दिवसांची विश्रांती. स्पर्धेचा आठवडा ही लय मोडतो. बुधवारी शंभर चेंडू टाकलेला मुलगा रविवारी पुन्हा मैदानावर येतो, खांद्याला बर्फाची पिशवी बांधून बसलेला रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्यात उतरणारा बदली पिचर, दुसऱ्या सकाळी पुन्हा हात मोकळा करायला उठतो, चेंडूचा वेग ताशी चार-पाच मैलांनी उतरलेला असतो आणि तो वेग परत आणण्यासाठी मुलगा कोपरावर अधिक ताण देतो. 2019 मध्ये हूवरला मिसिसिपी स्टेट आणि लुइझियाना स्टेट यांचा सामना नेहमीच्या नऊऐवजी सतरा इनिंग चालून पहाटे तीननंतर संपला, आणि दोन्ही संघांना त्याच दिवशी पुढच्या सामन्याचा विचार करायचा होता. राष्ट्रीय स्पर्धेतले उदाहरण याहून भयंकर आहे. 2009 मध्ये टेक्सास आणि बॉस्टन कॉलेज यांच्या पंचवीस इनिंगच्या सामन्यात टेक्सासच्या एका रिलीव्हरने तेरा इनिंग टाकल्या, 169 चेंडू. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या मुलाच्या जागी आपला मुलगा असता, तर आपणही टाळ्या वाजवल्या असत्या का?

तरीही मी स्पर्धा बंद करा म्हणत नाही, कारण धोका स्पर्धेत नसून नियमाच्या अभावात आहे. अमेरिकेतल्या कित्येक मराठी घरांतली मुले लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल संघटनेत, खेळतात. त्यांच्या आईवडिलांनी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसलेला, हातातल्या छोट्या यंत्राचे बटण दर चेंडूला दाबणारा स्वयंसेवक पाहिलेला असेल. लिटल लीगने 2007 मध्ये चेंडूंची मर्यादा आणली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात 85 चेंडूंपुढे जाता येत नाही, आणि किती चेंडू टाकले त्यावर किती दिवस विश्रांती हे ठरलेले आहे. 2017 पासून हायस्कूलच्या पातळीवरही प्रत्येक राज्याला अशी मर्यादा ठरवणे बंधनकारक झाले. मग मुलगा अठरा वर्षांचा होऊन विद्यापीठात गेला, की नियम संपतो. महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये चेंडूंची कोणतीही सक्तीची मर्यादा नाही. बाराव्या वर्षी ज्या हाताची काळजी घेतली, तो विसाव्या वर्षी लोखंडाचा होतो काय? ज्या प्रशिक्षकाची नोकरी रविवारच्या निकालावर अवलंबून आहे, त्याच्या विवेकावर हा निर्णय सोडणे हा त्या प्रशिक्षकावरही अन्याय आहे. आणि ज्या मुलाला ‘थकलोय’ म्हणणे म्हणजे सहकाऱ्यांना दगा देणे असे वाटते, त्याच्याकडून नकाराची अपेक्षा धरणे तर निर्दयपणाच. कॉन्फरन्सनी स्वतःहून, राष्ट्रीय संघटनेची वाट न पाहता, आपल्या स्पर्धेपुरती मर्यादा घालावी: आठवड्यातले एकूण चेंडू आणि दोन वेळांमधली किमान विश्रांती. दोन्ही संघांना सारखीच मर्यादा असली, की कोणाचेच नुकसान होत नाही. उलट, संघाची खोली, म्हणजे सातवा-आठवा पिचर किती तयार आहे, हे त्यातून दिसते.

राहिला पैशाचा आणि वेळापत्रकाचा प्रश्न. जो सामना होईल की नाही हे आधी सांगता येत नाही तो टीव्हीला विकायचा कसा, असे गटांचे अधिकारी विचारतील. पण छोट्या गटाच्या स्पर्धेचे प्रक्षेपण बहुतेक इंटरनेटवरच होते, आणि तिथे एक सामना वाढला तर फार मोठी उलथापालथ होत नाही. आयव्ही लीग या गटाने 2023 मध्ये चार संघांची स्पर्धा सुरू करण्याआधी अनेक वर्षे तीन सामन्यांच्या मालिकेने आपला विजेता ठरवला. तिसरा सामना लागेल की नाही हे तिथे कोणालाच आधी माहीत नसे, तरी लीग चालली. खुद्द ओमाहात 2002 पर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद एका अंतिम सामन्यावर ठरत असे. 2003 पासून तिथे तीनपैकी दोन जिंकण्याची मालिका आहे, आणि तिसऱ्या दिवसाची तिकिटे सामना होणार की नाही हे ठरण्याआधीच विकली जातात. राष्ट्रीय संघटनेने आपल्या चषकासाठी एक सामना अपुरा मानला, तो छोट्या गटाच्या एकुलत्या एका जागेसाठी पुरेसा कसा ठरतो? निवड समिती आपली यादी सोमवारी जाहीर करते, त्यामुळे रविवार संध्याकाळपर्यंत सगळे आटोपावे लागते. सहा संघांची स्पर्धा मंगळवारी सुरू केली तर शनिवारी संपते आणि रविवार मोकळा राहतो. त्यासाठी हंगामातला आठवड्याच्या मधल्या वारचा शेवटचा सामना तेवढा सोडावा लागेल.